मयताशी नाते

तलाठ्याने दिलेल्या फॉर्मचा तिसरा रकाना
इतका अरुंद, की त्यात 'पत्नी' मावते, 'मुलगा' मावतो.
'मुलगी' लिहायला मी पेन टेकवलं
तर तो म्हणाला, थांबा,
आधी आईचं लग्न दाखवा.

आईचं लग्न कुठून दाखवू?
वेंगुर्ल्याच्या फॅक्टरीत काजू सोलून सोलून
तिच्या अंगठ्यावर रेघसुद्धा उरली नव्हती.
रेशनच्या मशीनने तिला तीनदा नाकारलं,
चौथ्यांदा तीच म्हणाली,
असू दे, मी नाहीच.

ते दर बुधवारी यायचे.
कोरजाईच्या धक्क्यावर तरीतून उतरायचे,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात,
पिशवीत बांगडे, एकदा माझ्यासाठी कंपासपेटी.
गुरुवारी उजाडायच्या आत परत.
आई 'अहो' म्हणायची म्हणून मीही 'अहो' म्हणायचे.
'बाबा' हा शब्द पलीकडच्या काठावर राहायचा.
त्याला पोहता येत नव्हतं.

पलीकडे त्यांची चारशे कलमं.
आमच्या परसात त्यांनी मला दाखवलं होतं,
रायवळाची कोय रुजली की
हापूसची काडी तिरकी छाटून कशी बसवायची,
वर घट्ट पट्टी कशी गुंडाळायची.
"खाली मूळ रायवळाचंच," म्हणाले,
"पण ते वरच्याला सांगू नये."
आणि हसले.
मी नऊ वर्षांची. मीही हसले.

कुडाळच्या वकिलाकडे गेले तर तिथेही कलमं.
एक कलम म्हणे, आईचं ते तुझं.
आईचं म्हणजे पितळेचा एक हंडा, बुडाला चेपलेला.
दुसरं म्हणे, लग्न लागलेलं असतं,
बेकायदेशीर का होईना, दुसरेपणाचं, रद्द ठरणारं,
तरी काही बोलता आलं असतं.
आईने तेवढी चूक तरी करायची.
आणि एकत्र राहिले म्हणावं, तर
आठवड्यातून एक रात्र. वकिलाने चष्मा पुसला.

सुनावणीला मी तारी पास्कू फर्नांडिसला नेलं.
त्याची वही खाऱ्या वाऱ्याने फुगलेली,
पानापानावर एकच ओळ:
परुळेकर, बुधवार येऊन, गुरुवार जाऊन.
एकोणीस वर्षं.
श्रीनिवासने, म्हणजे त्यांच्या मुलाने,
दोन बोटांनी पानं उलटली.
"जाणं-येणं म्हणजे नातं नव्हे, साहेब."
साहेबांनी ते लिहून घेतलं.

"ता ऱ्हवांदे सायबा," पास्कू म्हणाला,
"शेवटच्या एक्याऐंशी बुधवारांचे
तीन हजार दोनशे चाळीस थकले हत.
ते कोण देतलो?"

"आमचा काय संबंध?
त्या फेऱ्या आमच्या घरच्या नव्हत्या."
श्रीनिवासने वही माझ्याकडे सरकवली.
सरकवताना त्याची करंगळी वाकडी दिसली,
तशीच. माझ्यासारखी.

पतपेढीतून वकिलासाठी काढलेले पैसे
मी टेबलावर मोजले.
"पावती कोणाच्या नावान फाडू गो बाय?"
लिही, म्हटलं,
थकबाकी वारसाकडून पोचली.
पास्कू लिहिताना जीभ जराशी बाहेर काढतो.
'वारसा'तला 'र' मोठा झाला, ओळीखाली उतरला.

साहेब म्हणाले, या कागदाला काही अर्थ नाही.
मी तो कंपासपेटीत ठेवला.

बाहेर भरती चढत होती.
"पलीकडे येतंस?" पास्कूने विचारलं.
इतक्या वर्षांत मी कधी गेले नव्हते.
चढले. पाण्याच्या मध्यावर त्याने हात पुढे केला.
माझ्याकडे वीस रुपये होते, सुटे.
मुद्दाम दिले नाहीत.
"वहीत मांड," म्हटलं.
"परुळेकर."